संगणकाचा गाभा आणि मोठ्या संख्यांचें गणित

दोन अंकी संख्येस दोन अंकी संख्येनें गुणिलें असतां गुणाकार चार अंकी होऊं शकतो, ही गोष्ट प्राथमिक शाळेंतील मुलासही ठाऊक असते. ९९ ला ९९ नीं गुणिलें कीं ९,८०१ येतात. गुणावयाच्या संख्या जेवढ्या जागेंत मावतात, तिच्या दुप्पट जागा गुणाकारासाठीं राखून ठेवावी लागते, एवढाच या उदाहरणाचा अर्थ. परंतु हा साधा नियम एका ठिकाणीं पाळला न गेल्यामुळें २०११ च्या सुमारास लिनक्स या व्यवस्थेवर चालणारे कित्येक मोठे संगणक, सुरू केल्यापासून २०८ दिवस व कांहीं तास लोटतांच, आपल्या अंतर्गत घड्याळांत चुकूं लागले. आणि त्यांतील कांहीं तर जागच्या जागीं बंद पडले. दोष यंत्राच्या घडणींत नव्हता, वीजपुरवठ्यांत नव्हता. तो गुणाकाराच्या मांडणींत होता. पाटीवर न मावणारी संख्या कशी हाताळावी, आणि ती हाताळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ गणितज्ञांच्या करमणुकीचा नाहीं.

प्रोसेसर हें संगणकाचें गणित करणारें इंद्रिय होय. त्यांत ठराविक रुंदीच्या थोड्याशा पाट्या असतात. त्यांस रजिस्टर म्हणतात. शाळेच्या पाटीवर शून्यापासून नवापर्यंतचे दहा आंकडे लिहितां येतात. या पाटीच्या प्रत्येक घरांत मात्र केवळ शून्य किंवा एक एवढेंच लिहितां येतें. अशा एका घरास बिट म्हणतात. इंटेल कंपनीनें १९८५ सालीं काढलेल्या ८०३८६ या प्रोसेसरची पाटी ३२ घरांची होती. तींत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही होय. हल्लींच्या घरगुती संगणकाची पाटी ६४ घरांची असते. ६४ घरें म्हटलीं कीं बुद्धिबळाचा पट आठवतो, आणि पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार असें दुप्पट करीत जाऊन राजाचें कोठार रिकामें करणाऱ्या पंडिताची कथाही आठवते. त्या पटावरील सर्व दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. आणि ६४ घरांच्या पाटीवर मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी तीच आहे.

३२ घरांची पाटी अपुरी पडते, हें लौकरच अनुभवास आलें. विंडोज ९५ ही व्यवस्था, यंत्र सुरू झाल्यापासून सेकंदाचे किती हजारांश लोटले, हें ३२ घरांत मोजीत असे. हा हिशेब ४९.७ दिवसांनीं भरतो व पुन्हां शून्यापासून सुरू होतो. त्या क्षणीं संगणक गोठून जाऊं शकतो, हें पुढें निष्पन्न झालें. लिनक्समध्यें सेकंदास १०० ठोके मोजले जात. ३२ घरांत ते ४९७ दिवस पुरत. यावर लिनक्सच्या कर्त्यांनीं एक मार्मिक युक्ति योजिली. ठोक्यांची मोजणी शून्यापासून सुरू न करतां, पाटी भरण्यास पांच मिनिटें उरलीं असतां जो आंकडा असेल, तेथून ती सुरू होते. त्यामुळें पाटी उलटण्याचा प्रसंग सव्वा वर्षाऐवजीं पांचच मिनिटांत येतो, आणि ज्यानें आपला कार्यक्रम निष्काळजीपणानें लिहिला असेल, त्याची चूक परीक्षेच्या वेळींच उघडी पडते.

येथें दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. संगणकाची सर्व साधनें ज्याच्या ताब्यांत असतात, कोणत्या कामास किती वेळ द्यावयाचा, कोणास स्मृतींतील किती जागा द्यावयाची, हें जो ठरवितो, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा अंतर्भाग म्हणजे गाभा. त्यास कर्नल म्हणतात. हा गाभा बहुधा सी नांवाच्या भाषेंत लिहिला जातो. परंतु प्रोसेसरला सी भाषा समजत नाहीं. मनुष्यानें लिहिलेल्या सी भाषेचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो कार्यक्रम, तो कंपायलर. त्यास अनुवादक म्हणण्यास हरकत नाहीं. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं जीसीसी हा अनुवादक प्रसिद्ध केला, आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. ८०३८६ हाच लिनक्सचा पहिला प्रोसेसर, आणि जीसीसी हा त्याचा पहिल्यापासूनचा अनुवादक.

आतां अनुवादकासमोर ३२ घरांची पाटी आहे, आणि कार्यक्रम लिहिणारानें मात्र ६४ घरांच्या संख्यांची बेरीज मागितली आहे, असें समजूं. अनुवादक शाळेंतील मुलाप्रमाणेंच वागतो. संख्येचे तो दोन तुकडे करतो. खालच्या तुकड्यांची बेरीज प्रथम करतो. जागेबाहेर गेलेला हातचा प्रोसेसर एका खुणेंत धरून ठेवतो. आणि वरच्या तुकड्यांची बेरीज करणारी दुसरी आज्ञा तो हातचा आपणहून मिळवून घेते. दोन आज्ञांत काम संपतें. वजाबाकीची रीत अशीच.

गुणाकार थोडा अधिक श्रमाचा. समजा, पाटीवर दोनच आंकडे मावतात आणि १,२३४ ला ५६ नीं गुणावयाचें आहे. १,२३४ चे १२ व ३४ असे दोन तुकडे करावे. ३४ ला ५६ नीं गुणिलें कीं १,९०४ येतात. त्यांतील ०४ खालीं मांडून १९ हातचे धरावे. १२ ला ५६ नीं गुणिलें कीं ६७२ येतात; त्यांत हातचे १९ मिळविले कीं ६९१. उत्तर ६९,१०४. येथें दोन दोन आंकड्यांचा गट हाच जणूं एक आंकडा झाला आहे. यंत्रही हेंच करतें. त्याच्या गटांत दोन आंकड्यांऐवजीं ३२ घरें असतात, एवढाच भेद.

भागाकाराची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि सारा वाद तेथूनच उद्भवतो. ६९,१०४ ला ५६ नीं भागावयाचें असल्यास काम अजून सोपें आहे. ६, ९१ व ०४ असे गट पाडावे. ६ मध्यें ५६ जात नाहींत. ६९१ मध्यें ५६ बारा वेळां जाऊन बाकी १९ राहते. ती पुढच्या ०४ च्या डोक्यावर ठेवली कीं १,९०४ झाले. त्यांत ५६ चौतीस वेळां जातात. उत्तर १,२३४. येथें भाजक एकाच गटाचा होता, म्हणून प्रत्येक पायरी नेमकी बसली. पण भाजकच दोन गटांचा, म्हणजे ५,६७८ सारखा असेल, तर प्रत्येक पायरीस अंदाजानें भाग लावून पाहावा लागतो, आणि अंदाज चुकल्यास तो कमी करून पुन्हां लावावा लागतो. कागदावरच्या या रीतीस डोनाल्ड नुथ यांनीं संगणकावरील आपल्या विख्यात ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडांत, १९६९ सालीं, शास्त्रशुद्ध रूप दिलें. ती रीत यंत्रास शिकवितां येते. परंतु तिला दोन चार आज्ञा पुरत नाहींत, डझनावारी लागतात.

एवढा पसारा प्रत्येक भागाकाराच्या जागीं मांडणें अनुवादकास परवडत नाहीं. म्हणून जीसीसीनें अशा लांबलचक रीतींचा एक संग्रह सोबत बाळगला आहे. त्याचें नांव लिबजीसीसी. ३२ घरांच्या यंत्रावर ६४ घरांच्या संख्यांचा भागाकार मागितला, कीं अनुवादक तेथें केवळ एक चिठ्ठी ठेवतो: ‘या ठिकाणीं यूडिव्डीआय-३ या नांवाच्या रीतीस बोलवावें.’ पुढें सर्व तुकड्यांची जोडणी होतांना ती रीत संग्रहांतून आणून जोडली जाते. सामान्य कार्यक्रम लिहिणारास याचा पत्ताही लागत नाहीं. त्यानें भागाकाराचें चिन्ह लिहिलें, त्याला उत्तर मिळालें; मधला सेवक पडद्याआडच राहिला.

गाभ्याची स्थिति मात्र वेगळी आहे. गाभा हा यंत्रावर सर्वांच्या आधीं उभा राहतो. त्याच्या पाठीशीं दुसरा कोणी नसतो. सामान्य कार्यक्रमांना मिळणारे संग्रह त्याला मिळत नाहींत; लागेल तें त्यानें स्वतःच घेऊन यावें लागतें. तेव्हां प्रश्न असा कीं, मोठ्या भागाकाराचा हा सेवक गाभ्याच्या घरांत घ्यावा कीं नाहीं? या प्रश्नास निरनिराळ्या घराण्यांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि प्रत्येकाच्या उत्तरांत त्याचा स्वभाव दिसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंतून निघालेल्या युनिक्सच्या घराण्यानें सेवकास घरांत घेतलें. फ्रीबीएसडी व नेटबीएसडी या त्याच्या वंशजांच्या गाभ्यांत मोठ्या भागाकाराची रीत ठेवलेली असून, ती नुथ यांच्या ग्रंथावरून घेतल्याचा उल्लेखही तेथें केलेला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९३ सालीं विंडोज एनटी काढलें, तेव्हां सर्वच अनुवादकांना ६४ घरांची संख्या ठाऊक नव्हती. म्हणून तेथें मोठी संख्या ही वरचा भाग व खालचा भाग अशा दोन कप्प्यांची पेटी म्हणून लिहीत, आणि तिच्या बेरजेसाठीं व गुणाकारासाठीं स्वतंत्र नांवांच्या रीती गाभ्यांतून पुरवीत. पुढें अनुवादक शहाणे झाले. त्यांच्या भागाकाराच्या चिठ्ठ्यांना उत्तर देणाऱ्या रीतीही त्या गाभ्यांत ठेवलेल्या आहेत.

लिनक्सनें मात्र नकार दिला. त्यानें बेरीज, वजाबाकी व गुणाकार अनुवादकाच्या हवालीं केले. घरें सरकविण्यासारख्या सोप्या रीती, जेथें लागल्या तेथें, आपल्या घरीं लिहून ठेविल्या. पण ६४ घरांच्या भागाकाराची रीत ३२ घरांच्या इंटेल व आर्म यंत्रांवर मुद्दाम ठेविली नाहीं. याचा परिणाम असा होतो कीं, एखाद्यानें गाभ्यासाठीं कांहीं लिहितांना सहज भागाकाराचें चिन्ह वापरलें, तर त्याचा मजकूर ६४ घरांच्या यंत्रावर बिनतक्रार सिद्ध होतो. परंतु तोच ३२ घरांच्या यंत्रासाठीं जोडूं गेल्यास जोडणी अडते. ‘यूडिव्डीआय-३ नांवाचा कोणी येथें आढळत नाहीं’ अशा अर्थाची तक्रार पुढें येते, आणि काम थांबतें. नवख्या मनुष्यास हा अनुवादकाचा दोष वाटतो. वस्तुतः तो दोष नव्हे. दारावर बसविलेला तो पहारेकरी आहे.

पहारेकरी बसविण्याचें कारण किंमतीचें आहे. ८०३८६ वर दोन पाट्यांच्या बेरजेस घड्याळाचे दोन ठोके लागत, तर भागाकाराच्या एका आज्ञेस ३८. कांहीं आर्म प्रोसेसरांत भागाकाराची आज्ञाच नसते. तेथें तो वजाबाक्या करीत करीत साधावा लागतो, आणि त्यास याहूनही अधिक वेळ लागतो. हा खर्च एखाद्या हिशेबाच्या कार्यक्रमांत खपून जातो. परंतु गाभ्याचें काम दर सेकंदास हजारों वेळां होणारें असतें: तार आली, चकतीवरून मजकूर आला, एका कामाची पाळी संपून दुसऱ्याची आली. तेथें एक चिन्ह लिहिण्याइतक्या सहजतेनें शेंकडों ठोक्यांचा खर्च व्हावा, आणि लिहिणारास तो दिसूंही नये, हें लिनक्सच्या कर्त्यांना मान्य नव्हतें. भागाकार करावयाचाच असेल तर तो नांव घेऊन करावा, म्हणजे करणारास व वाचणारास, दोघांसही, किंमत कळेल, असा त्यांचा आग्रह.

यासाठीं लिनक्समध्यें डू-डिव्ह नांवाचें एक साधन आहे. त्यास ६४ घरांचा भाज्य व ३२ घरांचा भाजक द्यावा. तें भागाकार भाज्याच्याच जागीं लिहून ठेवतें आणि बाकी हातीं देतें. म्हणजे वर पाहिलेल्या दोन रीतींपैकीं हें केवळ सोपी रीत पुरवितें: भाजक एका गटाचा. ८०३८६ ची भागाकाराची आज्ञा नेमकी याच आकाराची आहे. ती ६४ घरांच्या संख्येस ३२ घरांच्या संख्येनें भागते. त्यामुळें दोन आज्ञांत सारें आटोपतें. ज्यास खरोखरच दोन गटांच्या भाजकानें भागावयाचें असेल, त्याच्यासाठीं निराळ्या नांवाचें निराळें साधन आहे. बहुतेक वेळां मात्र मनुष्य विचार करूं लागला, कीं त्याच्या लक्षांत येतें कीं भागाकाराची गरजच नाहीं. दहांच्या घातानें भागतांना जशीं शून्यें छाटावीं, तशीं दोहोंच्या घातानें भागतांना घरें सरकवावीं; तें एका दमांत होतें.

आतां त्या २०८ दिवसांच्या कथेकडे वळूं. तींत भागाकार निर्दोष होता. घात केला तो गुणाकारानें. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्यें, १९९३ पासून, प्रोसेसरचे स्वतःचे ठोके मोजणारा ६४ घरांचा एक गणक असतो. ठोके किती पडले हें कळल्यावर त्यावरून सेकंदाचे अब्जांश किती लोटले, हें काढावयाचें असतें. त्यासाठीं अपूर्णांकानें गुणावें लागतें. पण गाभ्यांत अपूर्णांकांचें गणित सहसा करीत नाहींत. म्हणून एका पूर्णांकानें गुणून उत्तरास १,०२४ नीं भागण्याची, म्हणजेच दहा घरें सरकविण्याची, रीत लिनक्समध्यें होती. प्रोसेसर सेकंदास तीन अब्ज ठोक्यांचा असल्यास तो गुणक ३४१ येतो.

भाज्य पाटीवर मावतो, अंतिम उत्तरही मावतें. पण मधला गुणाकार? एका लहान उदाहरणानें हें स्पष्ट होईल. पाटी चार आंकड्यांची आहे, आणि २५० ला ६० नीं गुणून १०० नीं भागावयाचें आहे. खरें उत्तर १५०. परंतु २५० गुणिले ६० म्हणजे १५,०००. पाटीवर पांचवा आंकडा मावत नाहीं, म्हणून डावीकडचा १ गळून ५,००० च उरतात. त्यांस १०० नीं भागिलें कीं उत्तर येतें ५०. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाहीं. चुकीचें उत्तर तें त्याच शांतपणें देतें, ज्या शांतपणें तें बरोबर उत्तर देतें. लिनक्सच्या घड्याळांत हेंच घडलें. मधला गुणाकार हा अंतिम उत्तराच्या १,०२४ पट असल्यामुळें अंतिम उत्तरास ६४ ऐवजीं ५४ च घरें उपयोगी पडत होतीं. ५४ घरांत मावणारे अब्जांश सेकंद म्हणजे २०८ दिवस व बारा तासांचा काळ. तो भरतांच घड्याळ एकदम तेवढेंच मागें उडी घेई. आणि या घड्याळावर विसंबून कामांच्या पाळ्या ठरविणारा गाभा भांबावून जाई.

२०११ च्या अखेरीस जी दुरुस्ती झाली, ती पुन्हां शाळेंतलीच होती. आधीं गुणून मग भागण्याऐवजीं, आधीं भागून मग गुणावें, आणि बाकी निराळी सांभाळावी. २५० ला १०० नीं भागिलें कीं भागाकार २, बाकी ५०. २ गुणिले ६० म्हणजे १२०. ५० गुणिले ६० म्हणजे ३,०००. त्यास १०० नीं भागून ३०. बेरीज १५०. पाटी कोठेंही उतूं गेली नाहीं.

ही दुरुस्ती बरोबर होती; पण तींतून एक मूलभूत विसंगति लक्षांत येते. ६४ घरांच्या इंटेल यंत्रास गुणाकाराची आज्ञा दिली, तर तें पूर्ण १२८ घरांचा गुणाकार दोन पाट्यांवर मांडून देतें. आर्मचें ६४ घरांचें यंत्रही दोन आज्ञांत तितकेंच देतें. मग हातचा गळतो कोठें? तो गळतो भाषेंत. सी भाषेचा नियम असा कीं, ६४ घरांच्या दोन संख्यांचा गुणाकार हा ६४ घरांचाच समजावा. यंत्रानें केलेल्या कामाचा वरचा अर्धा भाग भाषेस मागतांच येत नाहीं. यंत्र देतें, भाषा टाकून देते, आणि मग मनुष्य तो भाग मिळविण्यासाठीं आडवाटेनें जातो, असा हा प्रकार होता.

येथें अनुवादकाचें साहाय्य खरोखरीचें मोलाचें ठरलें. २०११ सालीं निघालेल्या जीसीसीच्या ४.६ या आवृत्तीनें, ६४ घरांच्या यंत्रांपुरता, १२८ घरांच्या पूर्णांकाचा एक प्रकार सी भाषेंत उपलब्ध करून दिला. २०१३ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यांत त्याचा उपयोग करणारें एक छोटें साधन आलें. त्याचें काम एकच: ६४ घरांच्या संख्येस ३२ घरांच्या संख्येनें गुणावें, मधला गुणाकार १२८ घरांत धरावा, मग तो सरकवून ६४ घरांचें उत्तर द्यावें. जेथें अनुवादकास १२८ घरें ठाऊक नाहींत, तेथें तेंच साधन १,२३४ गुणिले ५६ च्या रीतीनें दोन तुकड्यांत गुणाकार करतें. वापरणारास भेद दिसत नाहीं, आणि दोन्हीकडे उत्तर एकच येतें. कामांच्या पाळ्या ठरविणारा विभाग व इंटेलच्या यंत्रांवरील घड्याळ हे दोघेही पुढें याच साधनावर विसंबूं लागले.

मग भागाकारासही १२८ घरें द्यावीं, असें कोणासही वाटेल. तेथें मात्र पहारेकरी पुन्हां आडवा येतो. १२८ घरांच्या भागाकारासाठीं अनुवादक पुन्हां संग्रहांतील रीतीस चिठ्ठी लिहितो, आणि लिनक्सच्या गाभ्यांत ती रीत नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत लिनक्सच्या ६.१ या आवृत्तींत रस्ट या नव्या भाषेस प्रवेश मिळाला, तेव्हां हा प्रश्न नव्या रूपानें आला. त्या भाषेच्या मूळ संग्रहांतच अशा रीतींचीं नांवें गुंफलेलीं आहेत. तीं नसतील तर जोडणीच होत नाहीं. त्यावर तोडगा असा निघाला कीं, नांवें तेवढीं ठेवावीं, पण त्यांच्या मागें रीत ठेवूं नये. कोणी चुकून त्या दारावर थाप मारलीच, तर ‘ही संख्या येथें वापरूं नये’ असें सांगून गाभा तेथेंच थांबतो. चुकीच्या मार्गानें पुढें जाण्यापेक्षां उघडपणें थांबणें बरें, हेंच त्यामागील धोरण.

या धोरणाविरुद्धही बोलण्यासारखें पुष्कळ आहे. भागाकाराचें चिन्ह लिहून उत्तर न मिळणें ही विचित्र स्थिति आहे, असें टीकाकार म्हणतात. आणि ज्यास हें ठाऊक नाहीं, त्याचे घटका दोन घटका त्यांत वायां जातात, हेंही खरें. बर्कलेच्या घराण्यानें सेवकास घरांत घेऊनही त्यांचे गाभे मंद झाले, असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय पहारेकऱ्याची दृष्टि एकाच बाजूस आहे. तो महाग भागाकार अडवितो. पण २०८ दिवसांनीं उतूं जाणारा गुणाकार त्याच्या डोळ्यांदेखत आंत गेला, कारण त्या गुणाकारास कोणत्याही सेवकाची गरज नव्हती. किंमत दाखवून देणें ही एक गोष्ट, आणि उत्तराची अचूकता राखणें ही दुसरी. पहिलीसाठीं नकार उपयोगी पडतो. दुसरीसाठीं रुंद पाटीच लागते. अनुवादकानें १२८ घरें दिलीं त्यांचें महत्त्व यांत आहे.

पुढील काळांत हा प्रश्न वाढणार आहे. सी भाषेच्या २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणग्रंथानें, लिहिणारास पाहिजे तितक्या घरांचा पूर्णांक, अनुवादकाच्या मर्यादेंत राहून, मागण्याची सोय दिली आहे. सोय जितकी मोठी, तितका पडद्याआडचा खर्चही मोठा. आणि तो दाखवावयाचा कीं झांकावयाचा, हें प्रत्येक गाभ्याच्या कर्त्यास पुन्हां ठरवावें लागेल.

हें सर्व दूरचें वाटत असेल, तर एक तारीख लक्षांत ठेवावी. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद ३२ घरांत, त्यांतील एक घर धन-ऋण चिन्हासाठीं राखून, मोजणारीं जीं यंत्रें आहेत, त्यांचा हिशेब १९ जानेवारी २०३८ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरतो. पुढच्याच सेकंदास तीं यंत्रें १९०१ सालांत जाऊन पोहोंचतील. मार्च २०२० मध्यें निघालेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून ३२ घरांच्या यंत्रांचा गाभाही काळ ६४ घरांत मोजूं शकतो. अब्जांश सेकंद जरी मोजले, तरी चिन्हाचें घर वगळून उरलेलीं ६३ घरें २९२ वर्षें पुरतात. परंतु त्या अब्जांशांचे सेकंद करावयाचे म्हणजे एक अब्जानें भागावयाचें. आणि पाटी ३२ घरांचीच असल्यामुळें तेथें तेंच नांव घेऊन करावयाचें भागाकाराचें साधन उपयोगीं पडतें. सुदैवानें एक अब्ज ही संख्या ३२ घरांत मावते, म्हणून भाजक एकाच गटाचा राहतो व सोपी रीत पुरते.

कारखान्यांत, रस्त्यांवर व घरांच्या भिंतींत बसविलेलीं अशीं पुष्कळ लहान यंत्रें जुन्या रुंदीच्या पाटीवरच चालतात, आणि एकदां बसविल्यावर त्यांकडे वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. त्यांच्यांतील नवा गाभा घातला गेला आहे कीं नाहीं, हें त्यांच्या मालकांनीं २०३८ उजाडण्यापूर्वीं पाहून घेणें इष्ट आहे. गाभ्याचें काम गाभ्याच्या कर्त्यांनीं केलें आहे. पण घरच्या पाटीवर तें उतरवून घेणें हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे.